सातव्या फेरीचं भाकीत

माणसाच्या तोंडावर ठोसा बसतो तेव्हा मी ठोशाकडे बघत नाही. ज्याला बसतो त्याच्या डोळ्यांकडे बघते. ही सवय वडिलांनी लावली. ते खडकीला लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि संध्याकाळी मुष्टियुद्धाच्या लढतींना रेफरी म्हणून उभे राहायचे. दहा वर्षांच्या मला रिंगच्या दोराला चिकटून उभं करायचे आणि विचारायचे, "सुने, सांग, आता कोण पडणार?" मी सांगायचे. बहुतेक वेळा तोच पडायचा. एकदा एका जवानाचं नाक माझ्यासमोर फुटलं आणि रक्त उडून माझ्या शाळेच्या फ्रॉकवर पडलं. आईने घर डोक्यावर घेतलं. मी मात्र दोन दिवस तो फ्रॉक धुवायला दिला नाही.

आता मी एकावन्न वर्षांची आहे, टेक्सासमध्ये अर्विंगला राहते, दिवसभर फार्मसीत औषधं देते आणि दर गुरुवारी येत्या शनिवारच्या लढतींचं भाकीत लिहिते. कोण जिंकणार, कितव्या फेरीत, कशामुळे. इंग्रजीतलं एका बॉक्सिंगच्या वेबसाइटवर जातं आणि मराठीतलं आमच्या 'गुद्दा' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे डॅलसच्या आसपासची चाळीसएक मराठी टाळकी आहेत. दहातली सात भाकितं बरोबर येतात आणि मला त्याचा गर्व आहे. उगाच लाजून नाही म्हणणारी बाई मी नाही.

ग्रुपवर माझी चेष्टा व्हायची ती फक्त यशवरून. यश हा माझ्या मैत्रिणीचा, नीलाचा मुलगा. इथेच जन्मलेला, चोवीस वर्षांचा, व्यावसायिक बॉक्सर. नऊ वर्षांचा असताना शाळेत पोरं त्याला बडवायची म्हणून नीला त्याला माझ्याकडे घेऊन आली होती. मी गॅरेजमध्ये ओल्या टॉवेलला पीळ घालून तो त्याच्या डोक्यावरून फिरवायचे आणि ओरडायचे, "वाक!" नाही वाकला की टॉवेल कानफटात. महिनाभरात त्याचं अंगच ते शिकलं. शब्द कानावर पडायचा अवकाश, पोरगा वाकलेला असायचा. पुढे त्याला खरा कोच मिळाला, जिम मिळाली, तेरा लढती झाल्या आणि तेराही जिंकला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो मोडकंतोडकं, वाचता मात्र एक अक्षर येत नाही.

तेराही वेळा मी यशच जिंकणार असं लिहिलं होतं. "हे सुनेत्राचं भाकीत नव्हे, मावशीने केलेलं औक्षण आहे," असं दिगंबरकाका ग्रुपवर लिहायचे. काका निवृत्त इंजिनिअर. बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण बोलायला सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या त्या वाक्याने माझं डोकं दरवेळी तितकंच फिरायचं.

चौदावी लढत डॅरिल हॉब्सशी होती. ओक्लाहोमाचा, मानेने बैल, हातांनी सुतार. जिंकला तर यशला टीव्हीवरची पहिली लढत मिळणार होती. सोमवारी कामावरून आल्यावर मी यशची मागची लढत लावली, आवाज बंद करून, अगदी हळू. माझी पद्धत अशी की ठोसे मोजायचे नाहीत, पापण्या मोजायच्या. ठोसा येताना दिसला की माणूस कितीही शूर असो, डोळे मिटतोच. उजवीकडून आलेल्या प्रत्येक ठोशाला यशच्या पापण्या मिटत होत्या. डावीकडून अकरा ठोसे आले. अकराही वेळा त्याचे डोळे सताड उघडे होते. गाल थरथरला, घाम उडाला, मान मागे गेली, तरी डोळे उघडेच. मी ते अकरा ठोसे पुन्हा पुन्हा बघितले.

मंगळवारी मी त्याच्या जिममध्ये गेले. तो हाताला पट्ट्या गुंडाळत बसला होता. मी त्याच्या डाव्या कानाजवळ बोटं धरली. "किती बोटं?"

"व्हॉट बोटं?" तो समोर बघत म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं. पट्टी गुंडाळायची थांबली.

"कधीपासून?"

"मेपासून. इट्स लाइक अ कर्टन, मावशी. जस्ट साइडला." डोळ्यांची वार्षिक तपासणी जानेवारीतच झाली होती, तेव्हा सगळं ठीक होतं. नंतर कुणी बघितलं नव्हतं आणि त्याने कुणाला सांगितलंही नव्हतं.

"डोळ्याचा पडदा सरकलाय तुझा. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं."

"आफ्टर सॅटरडे. प्रॉमिस. आत्ता सांगितलं तर लायसन्स जाईल, सगळं जाईल. प्लीज, आईला सांगू नको. अँड डोन्ट राइट इट."

मी नाही लिहिणार म्हणाले. खरं तर त्याच क्षणी बॉक्सिंग कमिशनच्या डॉक्टरला फोन करायला हवा होता. मी औषधांच्या धंद्यात आहे, डोळ्यात पडदा येतो म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पोराचं तोंड बघून माझा धीर सुटला, आणि मनातून मलाही ती लढत बघायची होती. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

गुरुवारी इंग्रजी भाकीत लिहिलं: यश गुणांवर जिंकेल. पहिल्यांदाच मी जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं, हात शिवशिवत होते. तेवढ्यात ग्रुपवर दिगंबरकाकांचा मेसेज आला, "चौदावं औक्षण झालं का? तबक तयार आहे ना?" खाली पंधरा जणांचे हसरे चेहरे. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. चाळीस वर्षं लढती बघणाऱ्या बाईला हे लोक आरती ओवाळणारी समजतात! मी तिथल्या तिथे, मराठीत, मला माहीत होतं ते सगळं लिहून टाकलं आणि पाठवलं.

मराठीत लिहिलं म्हणजे घरात बोलल्यासारखंच, असं मला वाटलं. आपण सगळे इथे तसंच वागतो. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या केसांबद्दल बिनधास्त बोलतो, दुकानदाराला त्याच्या तोंडावर लबाड म्हणतो आणि हसत थँक्यू म्हणून बाहेर पडतो. नीला ग्रुपवर नव्हती. पोराला मार बसताना तिला बघवत नाही, लढत असली की ती पार्किंगमध्ये गाडीत बसून राहते. यशला वाचता येत नव्हतं. मग भीती कुणाची?

शुक्रवारी दुपारी दोघांची वजनं झाली. वजनानंतर दोन्ही बॉक्सर नाकाला नाक लावून उभे राहतात, फोटो निघतात. हॉब्स यशच्या डोळ्यांत बघत होता. मागे त्याचा म्हातारा कोच च्युइंगम चघळत उभा होता. त्याने मान किंचित हलवली आणि हॉब्सने यशच्या डाव्या कानापाशी, डोळ्यापासून वीतभर अंतरावर, हात झपकन उघडून मिटला.

यशची पापणी लवली नाही.

लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. "बर्फ आहे बर्फ पोरगा!" असं माझ्या शेजारचा बातमीदार इंग्रजीत म्हणाला. कोच चघळायचा थांबला आणि हॉब्सच्या पाठीवर त्याने हलकेच थाप मारली.

बाहेर आले तर अमित समोर. अमित आमच्या ग्रुपवरचा, कंप्युटरवाला, माझा मोठा भक्त. तोंड आनंदाने फुललेलं. "ताई, तुमचं प्रेडिक्शन तुफान चाललंय! त्या बॉक्सिंग फोरमवर लोक तुम्हाला बायस्ड म्हणत होते, मला राग आला यार. मग तुमचा मेसेज ट्रान्सलेट करून तिथे पोस्ट केला. एक बटन दाबलं फक्त. साडेचार हजार लोकांनी वाचलं!"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात रागाने मी कुणाला मारलेलं ते पहिलंच. तो गाल धरून बघत राहिला. त्याला काय झालं ते कळेना. मारायला हवं होतं ते माझ्याच थोबाडात.

यश लढतीच्या आठवड्यात फोन बंद ठेवतो. शनिवारी संध्याकाळी मी ड्रेसिंग रूममध्ये पोचले तेव्हा त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. भुवयांना व्हॅसलीन लावून बसला होता.

"त्यांना डोळ्याचं कळलंय," मी म्हणाले.

"हाऊ?"

"कळलं कुठून तरी." मी खोटं बोलले. "यश, माघार घे. नाहीतर मी जाऊन डॉक्टरला सांगते."

तो उठला आणि दारात उभा राहिला. ओरडला नाही, रडलाही नाही. "पंधरा वर्षं, मावशी. तूच शिकवलंस ना? मग तूच बघ ना माझ्या बाजूने. यू बी माय लेफ्ट आय. त्याचा राइट आला की वाक म्हण. मराठीत कुणाला काय कळणार?"

माझीच चूक त्याच्या तोंडून ऐकली आणि तरीही मी हो म्हणाले. गळ्यातलं प्रेसचं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि दुसऱ्या रांगेत, आपल्या लोकांमध्ये जाऊन बसले.

घंटा झाली आणि हॉब्स सरळ यशच्या डाव्या बाजूला सरकला. पहिलाच उजवा हात खालून वर, लांबून फिरला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तो यशच्या कानशिलावर बसला. लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. यश दोरावर आदळला. दुसरा त्याच जागी, तिसरा मानेवर. ओठ फुटला आणि रक्ताची धार हनुवटीवरून छातीवर उतरली. चौथा हात खांद्यामागे जाताना मला दिसला.

"वाक!"

यश वाकला. हॉब्सचा हात हवेत गेला, तो स्वतःच्याच जोराने भेलकांडला आणि यशने खालून त्याच्या बरगडीत असा गुद्दा हाणला की हॉब्सच्या तोंडातून दातांचं रबर बाहेर आलं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे. मला ते आवडलं.

दुसरी, तिसरी, चौथी फेरी. मी खुर्चीवर बसलेच नाही. हॉब्सचा उजवा खांदा हलला की मी ओरडायचे आणि यश वाकायचा, वाकला की मारायचा. बरगडीत, यकृतावर, पुन्हा बरगडीत. चौथ्या फेरीत हॉब्सची भुवई फाटली आणि आतलं पांढरं दिसलं. त्याच्या कोपऱ्यात त्यावर कापूस दाबून धरला तरी पाचव्या फेरीत रक्त त्याच्या डोळ्यात उतरत होतं, तो हाताने पुसत होता आणि यश त्या हातावरच ठोसे मारत होता. पाचव्या फेरीअखेर हॉब्स एका गुडघ्यावर गेला. आमची रांग नाचत होती. दिगंबरकाका माझ्या खांद्याला धरून गदागदा हलवत होते. "सुनेत्रा, तुझं भाकीत गेलं गं खड्ड्यात!"

इतक्या आनंदाने कुणी मला चूक ठरवलं नव्हतं. माझं एक भाकीत चुकावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं.

सहाव्या फेरीत यशचे पाय जड झाले. दोन वेळा तो वाकला पण उशिरा, आणि ठोसा डोक्यावर घासून गेला. माझा घसा फाटला होता, ओरडले की खोकला यायचा. तेव्हा माझं लक्ष समोरच्या कोपऱ्याकडे गेलं. हॉब्सचा म्हातारा कोच आपल्या बॉक्सरकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी ओरडले की त्याचे ओठ हलायचे. मग तो यशकडे बघायचा, आणि पुन्हा माझ्याकडे.

फेरी संपली. तो हॉब्सच्या कानाशी वाकून बोलत होता आणि हॉब्स मान डोलवत होता. मी यशच्या कोपऱ्याकडे धावले. सुरक्षेवाल्याने मला दंडाला धरून मागे खेचलं. "यश, आता ऐकू नको! माझं ऐकू नको!" मी ओरडले, पण घशातून नुसती हवा येत होती. यशला वाटलं असेल की मावशी धीर देतेय. त्याने सुजलेल्या तोंडाने माझ्याकडे बघून ग्लोव्ह वर केला.

सातवी फेरी. यश थकलेला, पण पुढे. हॉब्स मागे सरकत सरकत त्याला आपल्या कोपऱ्यापाशी घेऊन गेला. मी तोंड मिटून दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

"वाक!"

तो आवाज जाड होता, पुरुषाचा, ओक्लाहोमाचा. पण शब्द अगदी स्वच्छ.

यश वाकला. नऊ वर्षांचा असल्यापासून ते अंग या शब्दाला वाकत आलं होतं, आवाज कुणाचा ते विचारायला त्याला वेळ कुठे होता? हॉब्सने उजवा हात फिरवलाच नाही. तो गुडघ्यांत बसून तयार होता आणि त्याने तो हात खालून सरळ वर आणला. यशचं तोंड आपणहून त्याच्यावर आलं. दोन दात दिव्यांच्या उजेडात उडताना मी बघितले. यश उभाच राहिला, हात खाली, डोळे उघडे. मग हॉब्सने त्याला त्या आंधळ्या बाजूने मारलं. एकदा, दोनदा, तीनदा, डाव्या डोळ्यावरच, मोजून मारल्यासारखं. रेफरी मध्ये पडेपर्यंत चौथाही बसला. यश सरळ मागे पडला आणि त्याचं डोकं फळीवर आपटून उसळलं. एक पाय थरथरत राहिला.

दवाखान्यात त्याच्या डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. रविवारी दुपारी डॉक्टरांनी नीलाला सांगितलं की जीव वाचलाय, जबडा बसेल, पण त्या डोळ्याला आता दिसणार नाही आणि रिंगमध्ये पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. नीला पायथ्याशी खुर्चीत बसली होती, त्याचा पाय पांघरुणावरून धरून. मी पलंगाच्या डाव्या बाजूला. माझा फोन थरथरला. ग्रुपवर कुणीतरी नवीन माणसाने लिहिलं होतं, "सातवी फेरी! अचूक, मानलं ताई!" मिनिटभरात त्याने ते पुसून टाकलं, पण मी वाचलं होतं.

यशला जाग आली तेव्हा चार वाजले होते. उजवा डोळा तेवढा अर्धवट उघडा. "मावशी," तो तुटक तुटक म्हणाला, "यू सेड वाक. मी वाकलो."

"मी नव्हते म्हणाले, बाळा. त्यांचा कोच म्हणाला."

त्याने छताकडे बघत विचारलं, "अँड द आय? त्यांना माय आय कसं कळलं?"

आता कुठून तरी म्हणून चालणार नव्हतं. नीलाही माझ्याकडे बघत होती. मी फोन काढला, गुरुवारचा तो मेसेज उघडला आणि त्याच्यासमोर धरला. मग माझ्या लक्षात आलं की त्याला ते वाचता येत नाही. साडेचार हजार लोकांनी ते एका बटनावर वाचलं होतं. माझी मराठी लपून राहिली होती ती एकट्या त्याच्यापासून.

मी वाचून दाखवलं. बसलेल्या घशाने, एकेक शब्द.

"यश हरणार. मे महिन्यापासून त्याला डाव्या डोळ्याने बाजूचं दिसत नाही. हॉब्स उजवा हात लांबून फिरवतो, तो यशला दिसणारच नाही. सहा फेऱ्या पोरगा निभावेल. पाय जड झाले की सातव्या फेरीत आडवा होईल. काका, औक्षण संपलं."

नीलाने त्याचा पाय सोडला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. यशने प्रत्येक शब्द ऐकला. त्याला मराठी सगळं कळतं.

"सातवी मीन्स सेव्हन?" त्याने विचारलं.

"हो."

"यू गॉट इट राइट," तो म्हणाला आणि त्याने मान उजवीकडे वळवली. मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते. मी हात पुढे करून त्याच्या गालाजवळ नेला, अगदी वीतभर अंतरावर. त्याला तो दिसला नाही.